निवळणे आणि निथळणे: फरक कुठे?

चोपड्याहून:
सहावीला मिश्रणे वेगळी करायचा धडा चालू आहे. चाचणीत विचारले, 'गढूळ पाणी स्थिर ठेवून वरचे पाणी अलगद ओतून घेतात, ती पद्धत कोणती?' एका पोराने 'निवळणे'ऐवजी 'निथळणे' लिहिले, मी लाल रेघ मारली. घरी आलो तर साबुदाणा चाळणीत निथळत ठेवलेला. तेव्हापासून मनात खटका आहे. दुसरे असे की एका मुलीने 'गाळणे'ऐवजी 'गायणे' लिहिले आहे. गुण कापू का?

शिरपूरहून:
सर, रेघ बरोबरच मारलीत. निवळणे ही पाण्याची स्वतःची करणी. 'मी पाणी निवळले' असे कोणी म्हणत नाही. पाणी निवळते, आभाळ निवळते, भावाभावांतले भांडणही निवळते. आपण फक्त हात लावायचा नाही. निथळण्यात पाणी वस्तूवरून उतरून जाते: साबुदाणा, घासलेली भांडी, घामाने निथळणारा माणूस. निवळताना हवे असते पाणी, निथळताना हवी असते वस्तू. ओतण्याला मात्र घरात वेगळा शब्द नाही, 'वरचं पाणी काढून घे' एवढेच म्हणतात. पुस्तकात दोन पायऱ्यांवर एकच शब्द बसवला की पोरे गोंधळणारच.

तापीचे पावसाळी पाणी भरले की आमची आजी हंड्यात तुरटी दोन-तीनदा फिरवायची आणि म्हणायची, 'आते निवयू दे.' मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम तो प्रभार मारते, कणांचे गोळे होतात आणि तळाला बसतात. निवळीची बी घासली तरी पाणी निवळते, म्हणजे झाडाचे नावच त्या कामावरून. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'पोटॅटोरम'चा बटाट्याशी काही संबंध नाही बरं का. लॅटिनमध्ये तो 'पिणाऱ्यांचा'.

आणि त्या मुलीचे गुण कापू नका. अहिराणीत ळ चा य होतो: डोया, शाया, केयं. आमच्याकडे पुण्याची सून आली, तिला सासूने 'चहा गाय' सांगितले. ती बिचारी गाळणी हातात धरून कोणते गाणे म्हणायचे या विचारात.

यावलहून:
गाळणे-निवळणे राहू द्या, पाखडणे आणि उफणणे एकाच दावणीला बांधतात त्याचे काय? उफणायला वारा लागतो. तिवईवर उभे राहून दादर ज्वारीची रास वरून सोडली की दाणे सरळ पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्यासोबत पुढे जातो. पाखडणे घरात, बसून. तिथे सुपाच्या झटक्याने हलके पुढे उडते. आणि तिसरे घोळणे. सूप जरा तिरके धरून हलकेच फिरवायचे, म्हणजे खडे एका बाजूला गोळा होतात. तिन्हींत वजनाचाच खेळ, पण हात तीन तऱ्हेचे. हा तिसरा शब्द शाळेच्या वहीत मी अजून पाहिलेला नाही.

चोपड्याहून:
ताई, मुलीला पूर्ण गुण दिले. निथळणेवाल्याला अर्धा, कारण ओतण्याचा शब्द त्याने विचारला आणि तो माझ्याकडेही नव्हता. यावलच्या दादांना एक विनंती, सोमवारी घोळायचे प्रात्यक्षिक दाखवायला शाळेत येता का? सूप आहे. मला ते धरता येत नाही.