अनुभव: तुमच्याकडच्या गेम्स तुमच्याबद्दल काय सांगतात?

पन्हाळ्याचा वारा
काल माळा आवरताना बुटाच्या खोक्यात टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी सापडल्या. ९९९९ इन १ वाली पिवळी पण आहे (त्यात खरे गेम पंधरा-वीसच, तेच ते पुन्हा पुन्हा). एकूण ११ निघाल्या. जमिनीवर मांडून बघितल्या तर ९ दोघांनी खेळायच्या. काँट्रा, टँक, कुस्ती. म्हणजे वाढदिवसाला, मे महिन्यात, जेव्हा जेव्हा कॅसेट मागितली तेव्हा दादा शेजारी बसणार हे धरूनच मागितली होती. दादा आता मस्कतला असतो. बराच वेळ तिथेच बसून राहिलो. तुमच्याकडे काय काय आहे? लिहा.

गोदाकाठ
काँट्राचा कोड, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. ३० लाइफ!! पाढे विसरले, हे नाही विसरले

लिंबूटिंबू
माझं बरोबर उलटं आहे. मारिओत एक मेला की दुसऱ्याची पाळी. भाऊ मरायचाच नाही. मी लुईजी म्हणजे दोन नंबरवर, हातात रिमोट धरून तासभर नुसती बघत बसायचे, मग आई जेवायला हाक मारायची. आता माझ्या पगारातून घेतलेले ३४ गेम आहेत, सगळे एकटीने खेळायचे. हे आत्ता तुझं वाचून मोजले.

पन्हाळ्याचा वारा
लिंबूटिंबू, वाचून वाईट वाटलं गं. मी धाकटा होतो तरी दादा पहिला रिमोट मला द्यायचा.

चहाटपरी
बदकं मारायच्या डक हंट गेमची बंदूक आहे का कोणाकडे? माझी नवीन टीव्हीवर चालतच नाही, पोराला दाखवायची होती

स्क्रूड्रायव्हर
चालणार नाही, बंदूक चांगली असली तरी. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, तो उजेड बंदूक टिपते. ते सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं. नवीन टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो. डबा टीव्ही शोधा.
आणि सगळ्यांनाच, कॅसेट फुंकू नका!! तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. काढून परत बसवल्यामुळेच चालायची ती.

चहाटपरी
अरे देवा. आयुष्यभर फुंकल्या

कापूसवेचणी
बाबांबद्दल लिहिते. त्यांच्या कम्प्युटरवर एकच गेम, राज्य उभारून लढायचा, एज ऑफ एम्पायर्स २. १९९९ चा. रिटायर झाल्यावर भाच्याने इन्स्टॉल करून दिला. बाबा कोणावर हल्ला करत नाहीत. भिंत बांधायची, मेंढ्या गोळा करायच्या, शेतं लावायची. शेत संपलं की ६० लाकूड देऊन परत पेरायचं. त्याच्याच नंतर आलेल्या जोडभागात गिरणीवर क्लिक करून पुढच्या पेरण्या आधीच भरून ठेवता येतात, मी शिकवलं, तरी ते एकेका शेतावर जाऊन स्वतः पेरतात. आमची जमीन २००४ साली विकली. त्याबद्दल घरात कधी बोलत नाहीत. सॉरी, कुकरची शिट्टी झाली, नंतर येते

गोदाकाठ
ताई 🙏

लिंबूटिंबू
काकांना नमस्कार सांगा. कुठला जिल्हा?

कापूसवेचणी
यवतमाळ.

लिंबूटिंबू
माझं आजोळ पुसद!! व्यनि (खाजगी निरोप) करते

चहाटपरी
डबा टीव्ही भंगारवाल्याकडे मिळाला, आज संध्याकाळी आणतोय. बायकोला अजून सांगितलं नाही

पन्हाळ्याचा वारा
दादाला फोटो पाठवला होता. आत्ता उत्तर आलं, "दोन नंबरचा रिमोट आहे का बघ." आहे, पण त्याचं ए बटण दाबलं जात नाहीये. गणपतीला येतोय तो. कोल्हापुरात कोणी दुरुस्त करून देतं का?

स्क्रूड्रायव्हर
दुकानात नेऊ नका आधी. मागचे स्क्रू काढा, बटणाखाली रबर असतं, ते आणि खालची पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या. नाहीच झालं तर मला व्यनि करा, माझ्याकडे जुने तीन पडलेत.