अँजिओप्लास्टीनंतर ‘मीठ कमी, तेल कमी’ सांगितलंय. कमी म्हणजे नेमकं किती?

मिरजेची_काकू

नमस्कार मंडळी. आमच्या ह्यांची फेब्रुवारीत अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, टाकलाय. वय ६३. साखर नाही, पण बीपी आहे आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं. घरी सोडताना आहाराचा एक छापील कागद हातात दिला. त्यात ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली आणि सॅलमन मासा. सॅलमन मिरजेत कुठं मिळतो हे विचारायचा मला धीर झाला नाही. खाली पेनानं लिहिलंय, ‘मीठ कमी, तेल कमी’. बस्स.

मग मी आठ दिवस सगळंच अळणी केलं. आमटी अळणी, भाजी अळणी. नवव्या दिवशी ह्यांनी ताट पुढं सरकवलं आणि एक शब्द न बोलता उठले. संध्याकाळी फिरायला म्हणून गेले ते पाऊण तासानं परत. शर्टाला कढीपत्त्याचं पान चिकटलेलं. म्हणजे भडंग खाऊन आले होते!

आमचं खाणं असं: सकाळी चहा-खारी, दुपारी ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, थोडा भात, रात्री तसंच. लोणचं दोन्ही वेळा. बुधवारी आणि रविवारी रस्सा, तोही कटासकट. मुलगी म्हणते ओट्स दे. दिले, तर म्हणाले, ‘मी काय बाळंतीण आहे का?’

भाकरी चालेल का? तेल कुठलं घ्यावं? आणि मीठ मोजायचं तरी कसं? मला आजवर चिमटीचा अंदाजच माहीत.

घाण्याचं_तेल

काकू, रिफाइंड आधी बंद करा, हीच सगळ्या रोगांची मुळी. मीठ सैंधव वापरा, त्यात सोडियम नसतं, हवं तेवढं घाला. अर्जुनसालीचा काढा रोज घ्या, सहा महिन्यांत गोळ्या सुटतात. आमच्या ओळखीत एकाच्या सुटल्या.

निवृत्त_सिस्टर

वरच्या उत्तरातलं दोन ठिकाणी धोक्याचं आहे म्हणून लगेच लिहिते. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, साध्या मिठासारखं. वर त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. आणि स्टेंट टाकलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळेलच असं नाही. काढा घ्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरं, दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या खेड्यांत त्याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, आणि त्यात पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं. म्हणजे वस्तू वाईट नाही. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना गोळीचं नाव दाखवा, मगच घ्या.

लालपरी_सोलापूर

ताई, मी एसटीत ३१ वर्षं स्टेअरिंगवर काढली. २०१५ साली बायपास झाली. त्याआधी रोज कुठल्या तरी स्टँडवर मिसळ, रात्रीच्या मुक्कामाला ढाबा, आणि झोप येऊ नये म्हणून चहावर चहा. तुमच्या मालकांचं दुखणं मला आतून कळतंय. अळणी आमटी मीही सरकवली होती.

मला माझ्या चुकीतनं कळलेली एक गोष्ट सांगतो. आपलं मीठ नुसतं आमटीतच नसतं. ताटाच्या डाव्या बाजूलाही असतं. तुम्ही वाढताच ना, डावीकडं मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर, वर पापड. आणि ताटाबाहेर खारी, शेव, भडंग. माझ्या सुनेनंही उजवी बाजू अळणी केली आणि डावी तशीच ठेवली. मग मी अळणी भाजीला दोन फोडी लोणचं जास्त घ्यायचो. हिशोब होता तिथंच.

मी उलटं केलं. आमटी-भाजीत मीठ घालायचं, बेतानं, पण चव लागेल एवढं. डाव्या बाजूला लिंबाची फोड आणि कोशिंबीर राहिली, ती उलट वाढवली. वाटीभर काकडी, गाजर, मुळा, जे मिळेल ते. लोणचं रविवारी एक फोड. पापड सणाला. त्यात मीठ तर असतंच, शिवाय पापडखार, म्हणजे तोही सोडियमच. वरून घ्यायच्या मिठाची वाटी टेबलावरनं उचलली, ती आजतागायत परत आलेली नाही.

आता मोजायचं कसं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, दोघंही माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात. सपाट लहान चमचाभर, आणि तेही सगळं धरून. चिमटी मोजत बसू नका. मिठाची नवी पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख टाका. दोघांना दिवसाला १० ग्रॅम, महिन्याला ३०० ग्रॅम. किलोची पुडी तीन महिन्यांच्या वर गेली पाहिजे. बाहेरचं खाणं असेल तर आणखी लांबली पाहिजे. आमच्या घरात तेव्हा तीन माणसं, आणि पुडी पाच आठवड्यांत संपायची. आकडा मांडला तेव्हा मीच गप्प झालो.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. आमच्या इथल्या एका शेवेवर १०० ग्रॅमला ८०० लिहिलंय, म्हणजे २ ग्रॅम मीठ. तेवढी शेव मी क्रिकेट बघताना नुसती संपवायचो.

भाकरी? ताई, ती बंद केलीत तर मी मिरजेला येऊन भांडेन. नुसतं पीठ आणि पाणी, आपल्याकडं मीठही घालत नाहीत, तेल नाही, कोंडा सगळा आत. बंद करायची ती खारी. नावातच मीठ आहे आणि पदरापदरात बेकरीचं तूप. तिच्या जागी सकाळी अर्धी भाकरी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, पण बिनमिठाचे. ओट्स नकोत तर नकोत. त्यातला जो तंतू कोलेस्टेरॉल उतरवतो तो सातूत, म्हणजे बार्लीतही असतो. वाण्याकडं अख्खे सातू मिळतात, खिचडीत तांदळाच्या जागी निम्मे घाला.

तेलाचं मी फार वाद घालत नाही. ऑलिव्ह चांगलं आहे, स्पेनच्या लोकांचं ते घरचं तेल. आपल्याला शेंगदाणा आणि करडई आहे, महिन्याआड बदलायचं. पोषण संस्थाही एकाच तेलावर राहू नका म्हणते. घाण्याचं घ्या नाहीतर रिफाइंड, चरबी तेवढीच. मला दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगितलं होतं. तुम्हा दोघांना एक लिटर. किटलीतनं ओतायचं सोडा, चमच्यानं घाला. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा फोडणीला नको. बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ बघून भुलू नका, शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच. ते फक्त प्राण्यांकडून येणाऱ्या जिनसात असतं.

रस्सा. इथं मी हळवा आहे. मटण महिन्यातनं एकदा, बिनचरबीचं. आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी वर पांढरा थर गोठतो तो चमच्यानं काढायचा, मग फोडणी. पहिल्यांदा काढला तेव्हा वाटीभर निघाला. बाकीच्या वेळी तोच मसाला, तेच वाटण, पण मटकीला किंवा कुळथाला. खोबरं निम्मं, कांदा जास्त भाजून. जिभेला आधी मसाला कळतो, मटण मागाहून.

आणि जिभेला वेळ द्या. मला दीड महिना लागला. आता लग्नाच्या पंगतीतली भाजी मला खारट लागते, आणि पाहुणे म्हणतात, म्हातारा नखरे करतो.

देवगडची_मी

आमच्याकडे तर नारळाशिवाय चूल पेटत नाही, आम्ही काय करावं? माझ्या सासऱ्यांनाही हाच कागद मिळाला, सॅलमनवाला. मी म्हटलं, बांगडा आणि तारली काय पाप केलंय? सॅलमनमधलं जे चांगलं तेल, ते यांच्यातही आहे, आणि किंमत कितीतरी कमी. फक्त रव्यात घोळून तळायचे नाहीत. तिरफळ घालून तिखलं करते, आमसूल सढळ हातानं. आंबट असलं की मीठ कमी पडलंय हे कळत नाही. खारवलेली सुकी मासळी मात्र बंद केली. सासरे अजून सुक्या बांगड्याची आठवण काढतात, पावसात जास्तच. खोबरेल तेलात संपृक्त चरबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, तुपाहूनही जास्त, म्हणून ते आता केसांनाच. ओलं खोबरं ठेवलंय, थोडं.

घाण्याचं_तेल

सैंधवाबद्दल मला तसं सांगण्यात आलं होतं. पुडीवर वाचलं आत्ता. सोडियम लिहिलंय खरं. तुपाबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही.

लालपरी_सोलापूर

बदलू नका, पण चमचा छोटा घ्या. गरम भातावर अर्धा चमचा मीही घेतो.

मिरजेची_काकू

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. सिस्टर, ह्यांची बीपीची गोळी तुम्ही म्हणालात तीच निघाली. डॉक्टरांनी ते लो सोडियम मीठ नको म्हणून सांगितलं. बरं झालं विचारलं, मुलगी ऑनलाइन मागवायलाच निघाली होती.

लालपरी दादा, खारीचा डबा धुऊन त्यात आता शेंगदाणे भरलेत. कुळथाचा रस्सा पहिल्यांदा केला तेव्हा ह्यांनी पळी तळापर्यंत घालून फोडी शोधल्या. काही बोलले नाहीत, पण भाकरी दोन खाल्ल्या. लोणच्यावरून अजून धुसफूस चालू आहे. बरणी मी माळ्यावर ठेवलीय आणि स्टेंटवाल्या माणसानं स्टुलावर चढायचं नसतं असं मीच सांगून टाकलंय. भडंग आठवड्यातनं एकदा, घरी केलेलं, चुरमुरे कोरडे भाजून, लसूण जास्त. विकतच्यासारखं लागत नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं आणि ताटली संपवली.

पुडीवर तारीख टाकली होती, १५ मार्च. दोन महिने झाले तरी निम्मी शिल्लक दिसत होती, मी खूश. तेवढ्यात परवा शेजारच्या वैनी मीठ संपलं म्हणून वाटी घेऊन आल्या, आणि मी सवयीनं काठोकाठ भरून दिली. आता हिशोबात ती वाटी कशी धरायची, दादा?