गेरूचा रंग उडत नाही, बांधणी सुटते

मातीच्या रंगांवरील या चर्चेत असे म्हटले गेले की गेरू (लाल माती) आणि पिवडी (पिवळी माती) हे रंग उन्हाने उडतात, म्हणून कायमस्वरूपी चित्रासाठी ते निरुपयोगी आहेत. हे मला पटत नाही. या मातीतील रंगद्रव्य म्हणजे लोहाची ऑक्साइडे. ती प्रकाशाने फिकी पडत नाहीत आणि चुन्याच्या अल्कलीलाही टिकतात, म्हणूनच ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रांत त्यांचा वापर होत आला. भिंतीवरचा गेरू हाताला लागतो किंवा पावसात वाहून जातो, तेव्हा दोष रंगाचा नसून बांधणीचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा असतो.

चर्चेत न आलेली गोष्ट पिवडी भाजण्याची आहे. तिचा पिवळा रंग ज्या गोएथाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या लोहखनिजामुळे असतो, त्यातील पाणी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला निघून जाते आणि हेमेटाइट हे लाल लोह ऑक्साइड उरते. मी पन्हाळ्याच्या बाजूची जांभ्याची पिवळसर माती आधी पाण्यात ढवळून, जाड वाळू खाली बसू दिली, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून गाळ वाळवला आणि तो लोखंडी तव्यावर परतला. आच वाढत गेली तशा एकाच मातीतून पिवळ्यापासून विटकरीपर्यंत छटा मिळाल्या. न धुतलेली माती मात्र कितीही घोटली तरी कागदावर खरखरीतच राहते. जवसाच्या तेलात घोटायची असल्यास चिकणमातीचा अंश जास्त असलेली माती बरेच तेल पिते, हेही ध्यानात घ्यावे.