मदत हवी आहे: यूकेत घरभाडं आणि काउन्सिल टॅक्ससाठी सवलत, नवरा आयएलआरवर (यूकेत कायम राहण्याची परवानगी), मी स्पाउस व्हिसावर

नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला भाड्याने राहतो. यांचे कामाचे तास निम्म्यावर आलेत, त्यामुळे भाडं आणि काउन्सिल टॅक्स (इथल्या पालिकेचा घरावरचा कर) दोन्ही भरताना ओढाताण होतेय. भाड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत) अर्ज करायचा आणि टॅक्सच्या सवलतीसाठी काउन्सिलकडे वेगळा, एवढं कळलंय. टॅक्समधली २५ टक्के सूट घरात एकच प्रौढ असेल तर, म्हणजे ती आम्हाला नाहीच.

खरी अडचण माझी. माझ्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची अट आहे, म्हणजे मला ठरावीक सरकारी मदत घेता येत नाही. यांनी युनिव्हर्सल क्रेडिट मागितलं तर पैसे त्यांना एकट्याच्या दराने मिळतात, पण उत्पन्न आणि बचत दोघांची मोजतात, हे ठीक. पण काउन्सिल टॅक्सची सवलत माझ्यामुळे वाढली तर माझ्या व्हिसाची अट मोडते का? पुढच्या वर्षी व्हिसा वाढवायचाय, उगाच नसतं झेंगट नको.

दुसरं, बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर काहीच मिळत नाही आणि त्यात भारतातली मालमत्ताही धरतात. साताऱ्याकडे यांची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं, वाटणी झालेली नाही, आणि विकायचं म्हटलं तर थोरले दीर सही करतील असं वाटत नाही. असा हिस्सा कुणी अर्जात दाखवलाय का? किंमत कशी ठरवली, कागद कुठले मागितले? लपवायचं नाहीये. ‘सांगूच नका’ हा सल्ला आधीच मिळालाय, तो कृपया नको.

लेस्टरमध्ये असं फुकट सल्ला देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.