मोपा ते सोलापूर विमानाने खरंच किती वेळ लागतो?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. कार्तिकीची गर्दी ओसरली की बाबांना पंढरपूरला न्यायचंय. आजवर चोर्ला घाटातून गाडीनेच जात आलो पण आता त्यांचे गुडघे एवढा वेळ बसू देत नाहीत. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून सोलापूरला विमान आहे म्हणून बघितलं तर सरळ रेषेत अंतर ३०५ किमीच्या आसपास आणि तिकिटावर वेळ मात्र तासाहून जास्त! अर्ध्या तासात पोचायला हवं ना? एका साइटवर तर अंतर १६५ च लिहिलंय. नक्की काय धरायचं?

फोंड्याचा_विमानवेडा:
ते १६५ नॉटिकल मैल आहेत, एक म्हणजे १.८५२ किमी, गुणून बघा ३०५ च येतात. आता वेळ. या मार्गावर एटीआर ७२ उडतं, पंख्याचं विमान, वर गेल्यावर ताशी ५०० किमीच्या आसपास, पण चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि एवढ्याशा अंतरात चढणं-उतरणंच जास्त, त्यात धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा घ्यावा लागतो तो वेगळा. हवेत पाऊण तास ते पन्नास मिनिटं धरा. तिकिटावरची वेळ मोप्याला जागेवरून हलल्यापासून सोलापूरला उभं राहीपर्यंतची असते, म्हणून ती मोठी दिसते.

सोलापूरची_लेक:
माझं माहेर सोलापूर, राहते म्हापशाला. आमच्याकडे विमान यावं म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली जून २०२३ मध्ये, केवढा वाद झाला होता तेव्हा! असो. विमानतळ होटगी रोडला, गावातच म्हणा ना. तिथून पंढरपूर मोहोळवरून ७०-७५ किमी, दीड-दोन तास. बाबांसाठी एक सांगते, एटीआरला मागच्या बाजूने चढायचं असतं, दारच खाली उघडतं आणि त्यालाच पायऱ्या असतात, थोड्याच पण अरुंद. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा आणि त्यांना मागच्या रांगेतली सीट घ्या म्हणजे आत चालावं लागत नाही. वरचा कप्पा लहान असतो, मोठी बॅग चेक-इनलाच द्या.

साखळीकर:
मागच्या सीटचं लक्षातच आलं नसतं, देव बरें करूं! मग गाडीपेक्षा वेळ वाचेल ना?

डिचोलीचा_वारकरी:
वाचेल पण फार नाही. साखळीहून मोपा तासभर, दोन तास आधी पोचायचं, मग विमान, मग पुढची टॅक्सी, सहा-साडेसहा तास होतातच. बेळगाव-मिरज-सांगोला करत गाडीने आठ-नऊ. पण बाबांना एका जागी दोन तासांच्या वर बसावं लागत नाही, मी असतो तर तेवढ्यासाठीच विमान घेतलं असतं. फक्त तिकिटावर जीओएक्स, म्हणजे मोपाचा कोड, आहे ना ते बघा, जीओआय म्हणजे गोव्यातलाच दुसरा विमानतळ, दाबोळी. आणि वार बदलत असतात, परतीचं विमान कुठल्या दिवशी आहे ते बघूनच पंढरपुरात खोली बुक करा.