मदत हवी आहे: लहान खोलीत रॉकवूल (ध्वनी शोषणारी खनिज लोकर) उभ्या कोपऱ्यांत लावावे की छताच्या कडांना?

नमस्कार. घरातली एक खोली मी आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी आणि मिक्सिंगसाठी (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्यासाठी) वापरतो. तिची लांबी ३.६ मीटर, रुंदी २.७ मीटर आणि उंचीही २.७ मीटर आहे. रुंदी आणि उंची सारखीच असणे हेच माझ्या अडचणीचे मूळ आहे, हे मला फार उशिरा कळले.

सुरुवातीला टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमधून एक धातूसारखी झिणझिण ऐकू येत असे. ती घालवण्यासाठी मी तीन भिंतींवर २५ मिलिमीटर जाडीचा फोम चिकटवला. झिणझिण गेली आणि काम झाले असे मला वाटले. प्रत्यक्षात एवढा पातळ फोम वरच्या पट्टीतला ध्वनी शोषतो, खर्जाला तो जवळजवळ हातही लावत नाही. परिणामी खोली आता वरून कोंदट आणि खालून घुमणारी, अशी दोन्हीकडून बिघडली आहे. बेस गिटारवर खालचा सी वाजवला की कोपऱ्यातल्या कपाटाचे दार थरथरते, आणि खोलीच्या मधोमध माझ्या खुर्चीवर मात्र तोच स्वर इतका क्षीण होतो की मिक्सिंग करताना मी तो नकळत वाढवून ठेवतो. मग ते गाणे दुसरीकडे कुठेही ऐकले की खर्ज अंगावर येतो.

गणित केल्यावर याचा उलगडा झाला. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर २.७ मीटर अंतरावरच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये पहिला अनुनाद (ठरावीक स्वर भिंतींमध्ये घुमत राहणे) सुमारे ६३.५ हर्ट्झला येतो. माझ्या खोलीत तो रुंदीतही येतो आणि उंचीतही. दुसरा अनुनाद येतो १२७ हर्ट्झला, म्हणजे पुरुषी आवाजाच्या नेमक्या मुलुखात. पहिल्या अनुनादाचा ध्वनिदाब खोलीच्या मध्यावर शून्याजवळ असतो, तर दुसऱ्याचा तिथेच सर्वाधिक असतो. माझी खुर्ची दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर आहे आणि कान जमिनीपासून १.२ मीटरवर येतात. त्यामुळे ६३ जवळ खड्डा आणि १२७ जवळ उंचवटा, असे दोन्ही दोष माझ्याच वाट्याला येतात. ‘रूम ईक्यू विझार्ड’ या खोलीतला ध्वनी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतलेल्या आलेखातही हेच चित्र दिसते.

ईक्यू, म्हणजे ठरावीक वारंवारतेचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय, लावून पाहिले आहे. उंचवटा थोडा दबतो, पण खड्डा भरत नाही. तिथे परावर्तित लहर मूळ लहरीला छेद देत असते, त्यामुळे जेवढा जोर वाढवावा तेवढीच ती लहरही वाढते.

आता माझ्याकडे १२० बाय ६० सेंटिमीटरची, १० सेंटिमीटर जाडीची रॉकवूलची आठ पॅनेल आहेत. ती चारही उभ्या कोपऱ्यांत तिरकी लावली, तर प्रत्येक कोपऱ्यात एकावर एक अशी दोन बसतात. मात्र एका कोपऱ्याला लागूनच दार आहे. दुसरा पर्याय असा, की बाजूच्या भिंती जिथे छताला मिळतात त्या दोन लांब कडांना प्रत्येकी तीन लावावीत आणि उरलेली दोन डोक्यावर टांगावीत. यापैकी कोणता मार्ग धरावा? शेजाऱ्यांपर्यंत आवाज जाण्याचा प्रश्न मी इथे विचारत नाही. तो वेगळा आहे आणि त्यावर रॉकवूल हा उपाय नाही, याची मला कल्पना आहे.

प्रतिसाद:

तुमच्या खोलीसाठी छताच्या कडाच निवडा. उभा कोपरा लांबी आणि रुंदी या दोन दिशांचे अनुनाद हाताळतो, पण तुमचा दुहेरी अनुनाद रुंदी आणि उंचीचा आहे, आणि त्या दोन्हींचा दाब एकाच जागी साचतो ती जागा म्हणजे भिंत आणि छत यांची कड. ६० सेंटिमीटरचे पॅनेल ४५ अंशांत लावले, की मागे मधोमध सुमारे ३० सेंटिमीटर पोकळी राहते. ती अडचण समजून भरून टाकू नका, त्या पोकळीमुळेच खर्ज शोषला जातो. तरीही ६३ हर्ट्झची तरंगलांबी ५.४ मीटर असल्याने खड्डा पूर्ण भरेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो उथळ होईल आणि स्वर लवकर विरेल.

डोक्यावरची दोन पॅनेल छतापासून १० सेंटिमीटर खाली टांगा. कडांच्या पॅनेलवर कापडाच्या आत जाड खाकी कागद लावा, म्हणजे वरची पट्टी परत खोलीत येईल, आणि भिंतीवरचा निम्मा फोम काढून टाका. स्पीकरचा आवाज पहिल्यांदा जिथून परावर्तित होतो तिथला तेवढा राहू द्या. भिंतीवर आरसा सरकवत नेला, की खुर्चीवरून स्पीकर जिथे दिसतो ती ती जागा. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला.

हे सगळे करण्याआधी एक बिनखर्चाचा प्रयोग करा. मायक्रोफोन मध्यावरून हलवून बाजूच्या भिंतीपासून ६७ सेंटिमीटरवर ठेवा. रुंदीतल्या १२७ हर्ट्झच्या अनुनादाचा दाब तिथे शून्याजवळ असतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. काल रात्री तोच परिच्छेद दोन्ही जागी वाचून रेकॉर्ड केला. मध्यावरच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘म’ आणि ‘न’ या अक्षरांवर जो फुगवटा येत असे, तो भिंतीजवळच्या रेकॉर्डिंगमध्ये बराच उतरला आहे. उंचीतला भाग अजून शिल्लक आहे, तो कानांना आता वेगळा ओळखू येतो. रविवारी छताच्या कडांचे काम हाती घेतो आणि फोम काढण्यापूर्वीचा व नंतरचा, असे दोन्ही आलेख इथे देतो.