पहिलीतल्या मुलांना ‘शोध’ कसे समजावून सांगावेत?

मिनूची_आई

मंडळी, मदत हवी आहे. लेक साडेसहा वर्षांची. तिच्या वर्गात पालकांनी आळीपाळीने जाऊन वीस मिनिटं काहीतरी सांगायचं असतं. माझ्या वाट्याला विषय आलाय ‘शोधांमुळे आपलं रोजचं जगणं कसं बदललं’.

घरी रंगीत तालीम केली. ‘टेलिफोनचा शोध बेल यांनी १८७६ साली लावला’ इथपर्यंत आले तोच लेक म्हणाली, ‘तेव्हा आजी लहान होती का?’ म्हटलं, नाही गं, त्याच्या खूप आधी. ‘म्हणजे डायनासोर होते तेव्हा?’ तिच्या लेखी आजी आणि डायनासोर यांच्यामध्ये सगळं मोकळं मैदान आहे. मी तरी नेटाने विजेचा दिवा, छापखाना, वाफेचं इंजिन करत पुढे गेले. वाफेच्या इंजिनाला पोचेपर्यंत बाईसाहेब टेबलाखाली होत्या.

वर्गात अशी तेवीस टेबलं आहेत. काय करू?

सुशेगाद

एखादा छानसा व्हिडिओ लावा. पंधरा मिनिटं त्यात जातील, पाच मिनिटं टाळ्यांत.

मिनूची_आई

व्हिडिओ घरीही बघतात हो. मग मी कशाला जायचं?

जुन्या_बाई

एकतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली, म्हणून थोडं लांबण लावते.

सनावळी सोडा. शोधकाचं नावही सुरुवातीला नको. त्याऐवजी मुलांच्या हातातली वस्तू काढून घ्या. पण वस्तू निवडताना जपून. मी एकदा ‘वीज नसती तर?’ असं विचारलं. पोरं एका सुरात ओरडली, ‘टीव्ही बंद!’ आणि उरलेला तास कोणाला कुठलं कार्टून आवडतं यात गेला. वीज फार मोठी, ती मुलांच्या मुठीत मावत नाही.

खोडरबर मावतो. मी वर्गातले सगळे खोडरबर डब्यात गोळा करायची, मग शुद्धलेखन घालायची. पाच मिनिटांत रड सुरू. तेव्हा पिशवीतून पाव काढायचा. होय, पाव. रबराने पेन्सिल पुसता येते हे लोकांना कळलं १७७०च्या सुमारास. त्याआधी पावाचा आतला मऊ भाग घेऊन त्याने खोडायचे. मुलांना गोळी करून घासायला द्या, खरंच पुसलं जातं, थोडं मळकट का होईना. (एका वर्षी एकाने खोडून झाल्यावर ती गोळी खाल्ली. तेव्हापासून मी पाव दुप्पट आणायची आणि आधी हात धुवायला लावायची.)

दुसरी वस्तू सायकल. १८१७ साली जर्मनीत ड्राइस नावाच्या माणसाने लाकडाची दोन चाकी गाडी केली. तिला पायडल नव्हतं. वर बसायचं आणि पायांनी जमीन ढकलत पळायचं. तिचं चित्र काढून फक्त विचारा, ‘यात काय राहिलंय?’ वर्ग छताला लागतो. पायडल मारायच्या सायकली रस्त्यावर दिसू लागल्या १८६०च्या दशकात, म्हणजे चाळीसेक वर्षांनी. एका मुलीला मी विचारलं, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला का गं सुचली नसेल? ती म्हणाली, ‘दोन्ही पाय उचलायची भीती वाटत असेल.’ नुकतीच सायकल शिकत होती ती.

डबाबंद अन्नाचंही तसंच. पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० सालचं, डबा उघडायच्या हत्याराचं १८५८ सालचं. मधली अठ्ठेचाळीस वर्षं छिन्नी-हातोडा. ‘डबा आहे, भूक लागलीय, उघडत नाही, काय कराल?’ याला मला मिळालेलं सर्वांत समंजस उत्तर म्हणजे ‘बाबांना देऊ’.

शोध म्हटलं की डोक्यात एकदम दिवा पेटतो असं आपण चित्र काढतो ना, ते मला कधीच आवडलं नाही. शोध अर्धवट जन्माला येतात. मुलांना हे बरोबर कळतं, कारण त्यांचंही सगळं अर्धवटच चाललेलं असतं.

आणि हवेच्या टायरची गोष्ट जरूर सांगा. डनलॉप हे गुरांचे डॉक्टर. त्यांचा मुलगा तीनचाकी चालवायचा, पण टणक चाकांमुळे दणके बसायचे. म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकाभोवती बसवली आणि १८८८मध्ये पेटंट घेतलं.

नटबोल्ट

बाई, एक दुरुस्ती. हवेच्या टायरचं पेटंट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने डनलॉपच्या चाळीस वर्षं आधीच घेतलं होतं. पण तेव्हा सायकलीच नव्हत्या म्हणण्यासारख्या, त्यामुळे ते विस्मरणात गेलं. तुमच्या ‘अर्धवट’ला पूरकच आहे म्हणा.

मिनूची आई, मुलं हमखास हसवायची असतील तर संडास. १७७५ साली लंडनच्या कमिंग नावाच्या घड्याळजीने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं. गंमत आहे ती खालच्या वाकवलेल्या नळीत. पारदर्शक नळी आणा, झोपवलेल्या एससारखी वळवा, रंगीत पाणी ओता. बाकीचं वाहून जातं, थोडं वाकणात अडकून राहतं. ते अडकलेलं पाणी गटाराच्या वासाला वाट देत नाही, एवढंच. संडास घरात येऊ शकला तो त्या पेलाभर पाण्यामुळे.

मिनूची_आई

संडास! शिक्षिका मला परत बोलावणार नाहीत. (नळी आणतेय.)

अनुस्वार

बाईंच्या ‘शोधकाचं नाव नको’शी असहमत. शोधक लहान असेल तर नावच आधी सांगा. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात खेळत होता. ते खोगीर, लगाम असं चामड्याचं काम करायचे. खेळताना आरी डोळ्याला लागली आणि पुढे दोन्ही डोळ्यांची नजर गेली. तेव्हा एक टिंबांची लिपी होती, पण तिच्यात एका खुणेला बारापर्यंत टिंबं. बोटाच्या टोकाखाली ती एकदम मावायची नाहीत. लुईने सहावर आणली. तेव्हा, १८२४ साली, तो पंधरा वर्षांचा होता. आणि ती टिंबं कागदावर उठवायची कशाने? आरीसारख्याच टोकदार हत्याराने. माझा भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

पुठ्ठ्यावर साबुदाणे चिकटवा आणि डोळे मिटून मोजायला लावा. आधी बारा, मग सहा.

जुन्या_बाई

पटलं. माझ्या वेळी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मिनूची आई, तुमच्या विषयातला ‘बदललं’ हा शब्द राहिला. त्यासाठी माझ्याकडे एकच गोष्ट आहे. गजराची घड्याळं घरोघरी नव्हती तेव्हा इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावांत काही माणसांचं कामच लोकांना उठवणं हे होतं. लांब काठी घेऊन पहाटे निघायचं आणि वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची. या कामाचे पैसे मिळायचे. वर्गात मी फूटपट्टीने बाकावर टकटक करायची, मुलांनी डोळे मिटून झोपायचं. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, ‘बाई, त्याला कोण उठवायचं?’

पण एका वर्षी एकाने विचारलं, ‘मग घड्याळ आल्यावर त्या काकांनी काय केलं?’ मी काहीतरी गोड उत्तर देणार होते. मग खरंच सांगितलं, की ते काम गेलं. तो म्हणाला, ‘आणि काठी?’ त्या दिवशी पुढे धडा घेतलाच नाही. काठीचं काय काय करता येईल ते सगळ्यांनी सांगितलं आणि मी फळ्यावर लिहीत गेले.

मिनूची_आई

झालं आज! पाव, नळी, साबुदाणे आणि काठी, चारच गोष्टी नेल्या. डबा वेळेअभावी राहिला. नळी गळली, माझ्याच साडीवर. त्यावर सर्वांत जास्त हशा, त्यामुळे नटबोल्ट, आभार मानू की नको ते ठरवतेय. ब्रेलच्या वेळी मात्र टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एक मुलगा डोळे मिटून सहा साबुदाण्यांवर बोट फिरवत राहिला, पुठ्ठा परत द्यायलाच तयार नाही. त्यालाच दिला.

सन एकही सांगितला नाही. तरी शेवटी एकीने विचारलंच, ‘हे डायनासोरच्या आधी का नंतर?’

रात्री लेकीने फर्मान काढलंय. उद्यापासून गजर नको, खिडकीवर काठीने टकटक हवी, तीही बाहेरून. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.